अमेरिकेत लेकीकडे आले आणि सरकारी पेन्शन थांबली – अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे

रानजाई | ६ जानेवारी

नमस्कार मंडळी. मी महसूल खात्यातून २०१७ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं नोकरी झाली. राज्य सरकारची जुनी पेन्शन आहे, जिल्हा कोषागारामार्फत बँकेत जमा होते. गेल्या एप्रिलमध्ये ग्रीन कार्ड घेऊन यजमानांसह न्यू जर्सीला, एडिसनला लेकीकडे आले. आता इथेच राहायचं ठरलं आहे.

नोव्हेंबरमध्ये लेकीने फोनवरच्या जीवन प्रमाण अॅपवरून माझा चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढला. दाखला तयार झाल्याचा संदेश आला, प्रमाण आयडी मिळाला, आम्ही निश्चिंत झालो. पण डिसेंबरची पेन्शन जानेवारीत जमा झालीच नाही. पुतण्याने बँकेत विचारलं तर "वरूनच आली नाही" एवढंच सांगितलं. कोषागारात कुणी फोन उचलत नाही. शिवाय माझं भारतातलं सिमकार्ड रिचार्ज संपून बंद पडलं आहे, त्यामुळे नेट बँकिंगचा ओटीपीही येत नाही.

खातं अजून साधं बचत खातंच आहे. ते बदलायचं असतं म्हणे? कराचं काय करायचं तेही कळत नाही. चूक माझी असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासली, पण स्वतःच्या कागदांपुढे मन घाबरतं आहे.

जुनी खतावणी | ६ जानेवारी

ताई, आधी धीर धरा. पेन्शन बंद झालेली नाही, थांबवलेली आहे. दाखला मंजूर झाला की थकबाकीसह मिळते. मी स्वतः कोषागारातून निवृत्त झालो, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

अॅपवर जो "यशस्वी" असा संदेश येतो, त्याचा अर्थ दाखला तयार झाला एवढाच. तो पुढे पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो. तिथला कर्मचारी पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांक, खातं आणि नाव जुळवून पाहतो आणि मग स्वीकारतो किंवा नाकारतो. नाकारल्याचा संदेश येतो तो मोबाइलवर. तुमचा नंबर कधी बंद पडला ते आठवून पाहा. माझा अंदाज आहे की नकाराचा संदेश त्या बंद नंबरवर गेला असावा.

दाखला नाकारला जाण्याची कारणं मी बघितली ती मुख्यतः तीन. पीपीओ क्रमांकातला आकडा चुकणं, मंजूर करणारं किंवा वितरण करणारं कार्यालय यादीतून चुकीचं निवडणं आणि नावातला फरक. बायकांच्या बाबतीत तिसरं कारण फार. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा लग्न झालं होतं का?

जीवन प्रमाण संकेतस्थळावर प्रमाण आयडी टाकून दाखला उघडतो. तो उघडा आणि पीपीओसमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

रानजाई | ७ जानेवारी

दादा, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. १९८१ ला लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं. सेवापुस्तकात माझं माहेरचं पहिलं नाव आहे, पुढे आडनाव तेवढं बदलून घेतलं. सासरी लग्नात नाव बदललं आणि रेशनकार्डापासून आधार, पासपोर्टपर्यंत सगळीकडे ते सासरचं नाव लागलं. म्हणजे पीपीओवर एक पहिलं नाव आणि आधारवर दुसरं. आठ वर्षं दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन यादीवर सही करत होते. तिथल्या मुली मला ओळखायच्या, त्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही.

सिम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद पडलं. ओटीपी आला तेव्हा चालू होतं.

जुनी खतावणी | ७ जानेवारी

मग उत्तर सापडलं. समोर बसलेल्या माणसाला ओळखणारा कर्मचारी असतो तोवर दोन नावं चालून जातात. संगणकावर फक्त अक्षरं जुळतात.

आता दोन कामं करायची. एक तातडीचं, एक कायमचं.

तातडीचं म्हणजे कागदी दाखला. परदेशात राहणाऱ्या पेन्शनरला भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला देता येतो. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. जाताना पासपोर्ट, पीपीओची प्रत, ग्रीन कार्ड न्या. त्याच खेपेला "या दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र तिथे साक्षांकित करून घ्या. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. हे सगळं पुतण्याच्या हाती कोषागारात पाठवा आणि आवक क्रमांक घ्यायला सांगा. आवक शिक्का असलेली स्थळप्रत हातात आल्याशिवाय त्याने परत फिरू नये. तुम्ही महसूलमध्ये होतात, तुम्हाला याचं महत्त्व मी काय सांगू.

नियमात नोटरी, मॅजिस्ट्रेट, बँक अधिकारी यांच्या सहीचीही सोय आहे. पण परदेशी नोटरीची सही बघून आपल्याकडचा लिपिक बिचकतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. अशोकस्तंभाचा शिक्का बघितला की प्रश्न विचारत नाही.

कायमचं काम म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा. अर्ज ऑनलाइन होतो. नंतर राजपत्राच्या प्रतीसह कोषागारामार्फत महालेखापालांकडे पीपीओत दुरुस्ती मागायची. तुमचा जिल्हा मुंबईच्या महालेखापालांकडे आहे की नागपूरच्या, ते पीपीओच्या पहिल्या पानावर दिसेल. याला वेळ लागेल, पण करा. उद्या यजमानांना कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायची वेळ आली तर हाच नावाचा घोळ त्यांच्यासमोर उभा राहील.

टेम्सकाठी | ७ जानेवारी

मी लंडनहून. माझे वडील पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त, चार वर्षांपासून आमच्याकडे असतात. सिमबद्दल लिहितो, कारण आमचंही एकदा असंच झालं होतं.

इकडे येणारे लोक सगळ्यात आधी भारतातला नंबर सोडून देतात. महिन्याला कशाला पैसे घालवायचे, असं वाटतं. पण बँक, आधार, पॅन, आयकराचं पोर्टल, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं असतं. आणि वापर नसलेला नंबर कंपनी काही महिन्यांत दुसऱ्याला देऊन टाकते, मग त्याच्या फोनवर तुमच्या बँकेचे संदेश जायला लागतात. वडिलांचं सिम आम्ही एका जुन्या फोनमध्ये घालून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवलं आहे. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे, संदेश येतात. वर्षाचा रिचार्ज एकदम करतो.

ताई, तुमचं सिम बंद होऊन महिनाच झालाय. आजच कुणाकडून तरी रिचार्ज मारून बघा, नंबर परत सुरू होण्याची शक्यता आहे. नाही झाला तर मात्र बँकेत नवा नंबर नोंदवण्याचा अर्ज करावा लागेल.

वडिलांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, यंत्रावर उमटत नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरून दाखल्याची सोय आली ती आमच्यासाठी मोठीच गोष्ट झाली. गेली दोन वर्षं इथल्या खिडकीजवळच्या उजेडात बसवून करतो, होतं व्यवस्थित. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही अॅप लागतात. पापण्या मिटल्याशिवाय ते पुढे जात नाही, आणि वडील फोटोला बसल्यासारखे डोळे ताणून बसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी वेळ लागला.

लालपरी | ८ जानेवारी

माझे वडील एसटीत चालक होते. मी ऑकलंडला असते, ते सध्या माझ्याकडे आले आहेत. त्यांनाही नोव्हेंबरमध्येच दाखला द्यावा लागेल का? आम्ही दिला नाही, पण पेन्शन येते आहे. वर वाचून धास्ती वाटली.

जुनी खतावणी | ८ जानेवारी

लालपरी, एसटीची पेन्शन राज्य सरकारच्या तिजोरीतून नसते, ती भविष्य निर्वाह निधीची, ईपीएस ९५ ची असते. तिथे दाखला वर्षात कधीही द्या, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. मागचा दाखला कधीचा ते बघा आणि बारा महिने भरायच्या आत नवा द्या. एवढंच.

भीमथडी | ९ जानेवारी

खातं आणि कर या दोन विषयांवर लिहितो. मी डॅलसमध्ये आहे, दोन्ही देशांची विवरणपत्रं भरणाऱ्या ज्येष्ठांना गेली काही वर्षं मदत करतो. जरा लांबेल.

खातं. सहा महिने लेकीकडे राहून परत जाणाऱ्यांना काही करायची गरज नाही. ताई, तुमचं तसं नाही. तुम्ही कायमच्या राहायला आलात, त्यामुळे परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी झालात. साधं बचत खातं तसंच चालवत राहणं नियमात बसत नाही. त्याच बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. पेन्शन एनआरओ खात्यात जमा होऊ शकते. पण क्रम पाळा. बऱ्याच बँका एनआरओ करताना खाते क्रमांक बदलतात. नवा क्रमांक कोषागारात नोंदला जायच्या आत जुनं खातं बंद केलंत तर पेन्शन परत फिरेल. आधी दाखल्याचं मार्गी लावा, थकबाकी जमा होऊ द्या, मग खात्याला हात लावा. मुदत ठेवीही त्याच वेळी बदलतील.

इकडे पैसे आणायचे असतील तर पेन्शन हे चालू उत्पन्न मानलं जातं. कर भागवून ते बाहेर नेता येतं, एनआरओवरची वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा त्याला लागत नाही.

भारतातला कर. नोकरी भारतात केली, म्हणून पेन्शनवर भारतात कर लागतोच, राहायला कुठेही असा. आता "बारा लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी आहे. ते निवासी लोकांसाठी आहे. ती सूट रिबेटच्या रूपाने मिळते आणि अनिवासींना रिबेट मिळत नाही. तुम्हाला २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत करमाफी आणि पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट, एवढंच.

उदाहरण घेऊ. महिना ४१,००० पेन्शन, म्हणजे वर्षाचे ४,९२,०००. वजावटीनंतर ४,१७,०००. वरच्या १७,००० वर ५ टक्के म्हणजे ८५० आणि उपकर धरून ८८४ रुपये. रक्कम छोटी आहे, पण विवरणपत्र भरावं लागतं आणि तेही आयटीआर २, कारण आयटीआर १ अनिवासींना चालत नाही.

खरा फटका मुदत ठेवींचा. एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापते. कर कापू नका असं सांगणारा पंधरा एच फॉर्म अनिवासींना देता येत नाही. वरच्याच उदाहरणात ९०,००० व्याज धरा. बँक २८,०८० कापेल. प्रत्यक्षात एकूण कर होतो साधारण ५,५६४. म्हणजे साडेबावीस हजार रुपये परत मिळण्यासारखे असतात, आणि विवरणपत्र न भरल्यामुळे कित्येक आजी-आजोबा ते दर वर्षी सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. आयुष्यभर रुपया रुपया जोडलेली माणसं आहेत ती.

अमेरिकेतला कर. भारत-अमेरिका कर करारात सरकारी पेन्शनसाठी स्वतंत्र कलम आहे, एकोणिसावं. भारत सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची पेन्शन फक्त भारतात करपात्र, असं ते सांगतं. हे वाचून लोक अमेरिकेच्या विवरणपत्रात पेन्शन दाखवतच नाहीत. तिथेच चूक होते. कराराच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की या सवलतीचा फायदा अमेरिका आपल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना देणार नाही. म्हणजे ताई, तुम्ही पेन्शन इथे दाखवायची, आणि भारतात भरलेला कर इथल्या करातून वजा करून घ्यायचा. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंत तर चित्र आणखी बदलतं. इथली निवासी आणि इथलीच नागरिक असलेल्या व्यक्तीची पेन्शन त्याच कलमाने फक्त अमेरिकेत करपात्र होते.

आणि एक. भारतातली तुमची सगळी खाती, ठेवी, भावाबरोबरचं संयुक्त खातंसुद्धा, मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी अमेरिकेच्या सरकारकडे एफबार नावाची माहिती भरावी लागते. कर नाही, नुसती माहिती. पण न भरल्याचा दंड मोठा आहे. एप्रिलमध्ये आलात, म्हणजे गेल्या वर्षाचा भरायचा आहे. मुदत १५ एप्रिल, चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते.

टेम्सकाठी | ९ जानेवारी

भीमथडी, सरकारी बँकेतून निवृत्त झालेल्यांनाही ते एकोणिसावं कलम लागतं का? मामा न्यू जर्सीतच आहेत, ते "मी पण सरकारी" म्हणतात.

भीमथडी | ९ जानेवारी

नाही. मालकी सरकारची असली तरी बँक हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायाशी निगडित सेवेची पेन्शन त्या कलमातून वगळली आहे. ती साध्या पेन्शनच्या कलमात जाते, म्हणजे राहतो त्या देशात कर. मामांना एकदा कागद घेऊन नीट बसायला सांगा.

ओंजळ | ११ जानेवारी

खूप दिवसांनी लिहिते आहे. वर जुनी खतावणी यांनी कुटुंब निवृत्तिवेतनाचा उल्लेख केला म्हणून.

बाबा गेले ते इथे, टोरांटोला. आम्ही सगळे इतके कोलमडलो होतो की पेन्शनचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. पाच महिने ती खात्यात जमा होत राहिली. आईने त्यातून भारतातल्या घराचा मेंटेनन्स भरला. नंतर कळवल्यावर बँकेने ते पाचही महिने वसूल केले, आणि आईची पेन्शन सुरू व्हायला आणखी सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आईला पैशांची चणचण नव्हती, आम्ही होतो. पण ती म्हणायची, त्यांच्या नावचं काहीतरी दर महिन्याला येतंय असं वाटायचं, तेही थांबलं.

म्हणून सांगते. पेन्शनचं खातं पती-पत्नीच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशा पद्धतीचं आजच करून ठेवा. जोडीदाराचं पॅन, आधार आणि पीपीओवरचं नाव एक आहे ना ते बघा. परदेशात मृत्यू झाला तर तिथल्या मृत्यू दाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करून घ्या किंवा भारतीय वकिलातीकडे नोंद करा. साधा दाखला पाठवला तर तो परत येतो. आमचा आला होता.

पीपीओची स्कॅन प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी असू द्या. बाबांची मूळ प्रत नाशिकच्या घरातल्या कपाटात होती आणि किल्ली कुणालाच माहीत नव्हती.

रानजाई | ११ जानेवारी

ओंजळ, वाचून गलबलले. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमचं खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे. एनआरओ करतानाच यजमानांचं नाव घालते.

चाकोरी | १४ जानेवारी

थोडं वेगळं विचारू का? मी जलसंपदा विभागात २००९ ला लागलो, २०१८ ला राजीनामा देऊन जर्मनीला आलो. १ नोव्हेंबर २००५ नंतरचा असल्यामुळे जुनी पेन्शन नाहीच. एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, पैसे पडून आहेत. काढावेत की ठेवावेत?

भीमथडी | १४ जानेवारी

वयाच्या आधी, राजीनाम्यावर बाहेर पडलात तर जमा रकमेतले ८० टक्के वार्षिकीत (नियमित पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) घालावे लागतात, हातात येतात २० टक्के. रक्कम अगदीच थोडी असेल तरच पूर्ण मिळते. घाई नसेल तर मी ठेवा म्हणेन. प्रान (एनपीएस खात्याचा क्रमांक) तोच राहतो, खातं सरकारी गटातून सर्वसाधारण नागरिकांच्या गटात वळवता येतं, आणि अनिवासींच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून पुढे भरता येतं. टियर दोन, म्हणजे कधीही पैसे काढता येणारं जोडखातं, मात्र अनिवासींना नाही. जर्मन नागरिकत्व घेणार असाल तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड काढून ठेवा. ओसीआयधारकांना २०१९ पासून एनपीएसमध्ये परवानगी आहे.

जुनी खतावणी | १५ जानेवारी

चाकोरी, एक तपासा. राज्याची जुनी डीसीपीएस ही अंशदान पेन्शन योजना १ एप्रिल २०१५ पासून एनपीएसला जोडली गेली. त्याआधीची तुमची कपात, शासनाचा हिस्सा आणि व्याज, हे सगळं प्रानवर आलं आहे का? २००९ ते २०१५ च्या वार्षिक विवरणाच्या चिठ्ठ्या शोधा आणि बेरीज जुळवा. राहिलं असेल तर तुमच्या जुन्या आहरण व संवितरण (पगार काढणाऱ्या) अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. ऑफिसात तुम्हाला ओळखणारं कुणीतरी आहे तोवरच हे काम होण्यासारखं आहे.

चाकोरी | १८ जानेवारी

जुळवलं. चौदा महिन्यांची कपात प्रानवर दिसत नाही. सात वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. पत्र पाठवलं. मनापासून आभार.

रानजाई | २ फेब्रुवारी

थोडी प्रगती. रिचार्ज केल्यावर सिम सुरू झालं. सुरू होताच साचलेले संदेश आले, पण दाखला नाकारल्याचा संदेश त्यात नव्हता. बाकीचं मात्र दादांच्या अंदाजाबरहुकूम निघालं. पुतण्या कोषागारात गेला तेव्हा संगणकावर "नावात तफावत" असाच शेरा होता.

दूतावासात गेल्या आठवड्यात जाऊन आले. दाखल्याला पैसे घेतले नाहीत, प्रतिज्ञापत्राची फी भरली. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "आजी, दोन नावं कशी?" मी सांगितलं तर म्हणाली, "माझ्या आईचंही असंच आहे." कागद कुरिअरने निघाले आहेत.

रानजाई | ९ मार्च

जमा झाली! डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तिन्ही महिन्यांची एकदम. पुतण्याने आवक क्रमांक घेतला होता म्हणून दुसऱ्या खेपेला कागद लगेच सापडले, नाहीतर "आलेच नाहीत" म्हणत होते.

राजपत्राचा अर्ज भरला आहे. तिथे "जुने नाव" आणि "नवे नाव" असे दोन रकाने आहेत. माहेरचं नाव जुन्या रकान्यात लिहिताना हात थांबला. दादा, उलटं करता येतं का? म्हणजे पीपीओ आहे तसाच ठेवून आधार आणि पासपोर्टवर माहेरचं नाव आणायचं?

जुनी खतावणी | ९ मार्च

करता येतं ताई. राजपत्रात सासरचं नाव "जुने" आणि माहेरचं "नवे" असं छापून घ्यायचं, आणि त्या प्रतीवर आधार, पॅन, पासपोर्ट, बँक सगळं बदलायचं. पण तुमचं ग्रीन कार्ड सासरच्या नावावर आहे, तेही मग बदलावं लागेल. काम वाढेल, खर्चही होईल. पीपीओ बदलणं त्यामानाने सोपं आहे.

काय करायचं ते तुम्ही ठरवा. दोन्ही मार्गांचे अर्ज मी लिहून देईन.

रानजाई | १० मार्च

लेकीशी बोलते आणि सांगते.